भिंतीला सांगितलेलं

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्यातली सतरा वर्षं मी माझ्या भासऱ्याशी एक शब्द बोलले नाही. भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि आमच्या इकडे, नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावांत, धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याला तोंड दाखवायचं नसतं, त्याच्याशी बोलायचं नसतं, त्याच्यादेखत खाटेवर टेकायचं नसतं. याला मान म्हणतात. कोणाचा मान, हे विचारायची पद्धत नाही.

सासूनं पहिल्याच आठवड्यात मला ही शाळा शिकवली. अंगणातून खाकरल्याचा आवाज आला की समजायचं, मोठे आले. हातातलं काम टाकायचं, पदर कपाळाखाली ओढायचा आणि आत व्हायचं. ताट वाढून चौकटीशी ठेवायचं, पुढे थोरली जाऊ उचलून नेईल. घरात दोघंच असलो आणि सांगणं भागच पडलं, तर भिंतीकडे तोंड करायचं, वाक्याला 'म्हणा' जोडायचं आणि बोलून मोकळं व्हायचं. पाणी तापलं म्हणा. म्हैस सुटली म्हणा. कोणी कोणाला म्हणायचं? घरात भिंत, म्हैस आणि मी. पण त्या एका 'म्हणा'वर घराण्याची इभ्रत उभी. सासू मोठ्या कौतुकानं सांगायची की तिनं तिच्या भासऱ्याचं तोंड नीट पाहिलं ते तो मेल्यावरच, आणि तेव्हा तिला कळलं की त्याच्या गालांवर देवीचे व्रण होते. बावीस वर्षं एका घरात राहून! मला वाटलं, आता ही हसेल, निदान खंत तरी करेल. छे. तिला ती जन्माची कमाई वाटत होती.

आता माझा धंदा सांगते, म्हणजे माझी लायकी कळेल. मी नर्स आहे, सरकारी उपकेंद्रातली. पाच गावं आणि जंगलातला एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, माझ्याकडे. ग्रामसभेत उभी राहून बाप्यांना नसबंदी समजावते, कोणी खिदळलं तर त्यालाच पुढे बोलावून प्रश्न विचारते. पिऊन आलेल्या नवऱ्यांना बाळंतिणीच्या खोलीतून दंडाला धरून बाहेर काढलं आहे. सरपंच मला पाहून बिडी विझवतो. आणि हीच बाई संध्याकाळी गावाच्या शिवेवर, हातपंपाजवळ स्कूटी थांबवायची, ओढणी डोक्यावर घ्यायची आणि ती नीट बसली का हे स्कूटीच्या आरशात पाहून मग घराकडे वळायची. आरशात पाहायला कोणीच सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडलं.

लिहिताना भासऱ्यांना मी 'ते' म्हणते आहे, हेही ध्यानात घ्या. दोनदा 'तो' लिहून पाहिलं. खोडलं.

हे भासरे गावात मोठे मानाचे. गावच्या तंटा मिटवायच्या समितीवर बसायचे. बांध कोरला, बैल घुसला, सुनेला मारलं, सगळ्यांची गाऱ्हाणी आमच्या छपरीत, घरापुढच्या पडवीत, यायची आणि हे खाटेवर मांडी घालून डोळे मिटून ऐकायचे. शांतपणे ऐकून घेणारा माणूस म्हणून त्यांची पंचक्रोशीत ख्याती. मी आतून चहा पाठवायचे. चहा पाठवताना एकेकदा हसू यायचं, मग तेही यायचं बंद झालं.

माझा नवरा शाळेत मास्तर. वर्गात आवाज असा की बाजूच्या वर्गातली पोरं गप्प बसतात. भाऊ समोर आले की त्याच नरड्यातून "हो भाऊ" याखेरीज काही निघत नाही. चाळिशी उलटली तरी भावासमोर तो खाटेवर बसत नाही, उंबऱ्यावर बसतो. जाऊबाई, म्हणजे भासऱ्यांची बायको, त्यांच्याशी बोलू शकते, पण बोलायच्या आधी त्यांचा चेहरा पाहते आणि चेहऱ्याला जेवढं मानवेल तेवढंच बोलते. उरलेलं ती गिळते. गिळून गिळून तिला आम्लपित्त झालं आहे, गोळ्या मीच देते.

या घरात एकच पोरगी होती, भासऱ्यांची. माझी पुतणी. मला मूल झालं नाही, त्यामुळे ती माझ्याच मांडीवर वाढली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकायला होती, जीपमध्ये कोंबून घेऊन रोज जायची. कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं तेव्हा तिला सिकलसेलची वाहक असल्याचं कार्ड मिळालं. आमच्या भागात हा रोग घरोघरी आहे. वाहक म्हणजे स्वतःला काही त्रास नाही, धडधाकट माणूस. पण नवराही वाहक निघाला तर होणारं लेकरू आजारी निघू शकतं, आणि ते लेकरू जन्मभर हाडं दुखून रडतं. हे मी ग्रामसभेत इतक्यांदा सांगितलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. वरून एक वाक्य नेहमीचं: पत्रिका जुळवायच्या आधी रक्त जुळवा. टोल्यावर एकदा हे ऐकून एक गोंड म्हातारी मला म्हणाली होती, तुमच्या गावात असंच करतेत का बाई? मी म्हणाले, हो तर. खोटं बोलायला जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मंडईचे दिवस होते. धान घरात आलेलं, गावोगावी जत्रा आणि नाटकं, आणि नाटकाच्या निमित्तानं पाहुणे पोरी पाहून घेतात. तसाच एक सोयरा अहेरीकडचा मुलगा घेऊन आला. वनरक्षक. सरकारी नोकरी म्हटल्यावर आमच्याकडे मुलाची नाडी कोणी पाहत नाही. बोलता बोलता तो सोयराच सांगून गेला की मुलाचा एक भाऊ लहानपणी गेला, सदा हातपाय दुखायचे आणि डोळे पिवळे व्हायचे, काविळीनं गेला बिचारा. मी दाराआड चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली. कावीळ कसली? ते वर्णन मी माझ्या रजिस्टरात वीस वेळा लिहिलं होतं. भाऊ आजारी होता म्हणजे आईबाप दोघंही वाहक, आणि मग हा मुलगाही वाहक असण्याचीच शक्यता जास्त. बोटाला एक टोचणी, एक थेंब रक्त. माझ्याच उपकेंद्रात, फुकट. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, व्हायच्या आधी एवढं झालं की भागलं.

पुतणीनं ते ऐकलं होतं. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली की काकू, बाबाला तुम्हीच सांगा, तुम्ही नर्स आहात, तुमचं ऐकतीन. स्वतःच्या लग्नाचं स्वतःच्या बापाशी ती बोलणार नव्हती. पोरीनं लग्नाचं बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. आणि ही बी.ए. झालेली पोरगी मला सांगते, मला, जी त्या माणसासमोर कधी डोकंसुद्धा उघडं ठेवत नाही.

मी नवऱ्याला सांगितलं. अगदी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखं सांगितलं, समजलं का म्हणून परत म्हणवून घेतलं. हा मास्तर भावापर्यंत गेलाच नाही, आईकडे गेला. आईला म्हणाला, रक्ताचं काहीतरी तपासावं लागते म्हणते. मुलाचं तपासायचं आहे हे त्यानं गाळलं, कारण पाहुण्यांचा अपमान होईल. सासूनं जावेला सांगितलं की पोरीचं रक्त पाहावं म्हणते धाकटी. रोगाचं नाव तिनं गाळलं, कारण कोणाच्या कानावर गेलं तर पोरगी घरात राहील. जावेनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि सांगितलं, पोरीले जरा अशक्तपणा आहे म्हणते. तिसऱ्या दिवशी भासऱ्यांनी नागभीडहून खजुराचं पाकीट आणि लाल टॉनिकची बाटली आणली. बाटली माझ्यापुढे आली ती जावेच्या हातून, निरोपासकट, की रोज दोन चमचे देत जा. कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं फक्त आपापल्या पुढच्याची मर्जी सांभाळली होती. मी ती बाटली ओट्यावर ठेवली आणि मला माझ्या सगळ्या घराची इतकी किळस आली, की त्या संध्याकाळी मी जेवलेच नाही.

मग मी भिंतीला सांगायचं ठरवलं. हसा खुशाल. पंधरा वर्षं नोकरी केलेली बाई, आणि तिच्यापुढे उरलेला शूरपणाचा मार्ग तो हा.

दुपारची वेळ होती. सासू आणि जाऊ लाखोरीची भाजी खुडायला बांधीत, धानाच्या शेतात, गेलेल्या. भासरे छपरीत बसून दोरी वळत होते. मी दाराच्या आत, चौकटीला लागून उभी राहिले, भिंतीकडे तोंड केलं, आणि सगळं सांगितलं. पोरीत सिकलसेलचा अंश आहे म्हणा. मुलाचा भाऊ त्याच रोगानं गेला असंल म्हणा. मुलाचं रक्त पाहिल्याशिवाय साक्षगंध करू नये म्हणा. दोघांत निघालं तर लेकराचे हाल होतीन म्हणा. एकही शब्द चघळला नाही. भिंतीला मातीचं लिपण होतं, एका जागी पोपडा सुटलेला, बोलताना मी तो पोपडाच पाहत होते.

दोरी वळण्याचा आवाज थांबला होता. म्हणजे ऐकलं होतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं होतं. मग ते खाकरले, चपला घातल्या आणि निघून गेले. रात्रीच्या जेवणाला पाटावर बसल्यावर ते आईला म्हणाले, आणि आवाज असा लावला की तो चुलीपर्यंत यावा:

"भिंतीशी कोण काय बोलते ते मी ऐकत नसतो. घरातल्या बायायनं भिंतीपुरतंच बोलावं."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की ही रीत माझ्या तोंडाला लावलेलं कुलूप आहे. कसलं काय! ती त्यांच्या कानाची सोय होती. बोलणं समोरासमोर झालं असतं तर हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं, उद्या काही झालं तर तुम्हाला सांगितलं होतं हे कोणी म्हणू शकलं असतं. भिंतीला सांगितलेलं कोणीच ऐकलेलं नसतं. सगळ्या गावाचं शांतपणे ऐकून घेणारा माणूस आपल्या पोरीच्या बाबतीत बहिरा होऊ शकत होता, आणि तेही मानासकट. माझा नवरा पाटावर मान खाली घालून भात कालवत होता. मी त्याच्याकडे पाहत होते, त्यानं वर पाहिलं नाही.

साक्षगंध झालं. आता मी काय केलं ते सांगते, कारण इथवर वाचून कोणाला वाटेल की यात मीच तेवढी शहाणी. मी पर्समध्ये टोचायची सुई, कापूस आणि तपासणीची नळी घेऊन मांडवात गेले होते. मनात होतं, मुलाला बाजूला बोलवावं, हसत हसत बोट धरावं आणि थेंब घ्यावा. नळीत रक्त टाकून पाणी गढूळ झालं की समजतं, पाच-दहा मिनिटांचं काम. मुलगा चांगला होता, सालस. सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडत पडत माझ्यापर्यंत आला. वाकला. त्याची बोटं माझ्या पायांना लागली. हात लांब केला असता तर तीच बोटं माझ्या हातात होती. पलीकडे भासरे पाहुण्यांत बसले होते आणि माझी ओढणी कपाळाखाली होती. मला एकच दिसलं, की सोयरीक मोडली तर धाकटीनं मोडली म्हणतील. स्वतःला लेकरू नाही म्हणून दुसऱ्याचं सुख पाहवलं नाही, असंही म्हणतील, आणि पहिली सासूच म्हणेल. मी म्हणाले, सुखी राहा. पर्स काखेत दाबून धरली आणि आत जाऊन पुऱ्या लाटायला बसले.

पुतणीनं त्या दिवशी माझ्याकडे एकदाच पाहिलं. नंतर ती मला फोन करायची तेव्हा सगळं बोलायची, पण त्याबद्दल कधी नाही. तीही याच घरची.

लग्नाला वर्ष झालं आणि तिला मुलगी झाली. पोर दहा महिन्यांची होती तेव्हा पुतणी माहेरी आली. पोरीचे तळहात आणि पावलं फुगलेली, हात लावला तरी किंचाळायची. घरच्यांनी आधी तेल चोळलं, मग दृष्ट काढली, मग दंडाला काळा दोरा बांधला. मी पाहिलं आणि ओळखलं. ओळखायला काय लागतं, मी तर मांडवातच ओळखलं होतं. उपकेंद्रात आणून रक्त घेतलं, जिल्ह्याला पाठवलं. त्या वेळी भासरे बाहेर चिंचेखाली उभे होते. आत आले नाहीत, कारण आत मी होते.

रिपोर्ट आला त्या दिवशी लसीकरण होतं. बाया, पोरं, रडारड. जावई जंगलात ड्युटीवर, म्हणून पुतणीबरोबर पुन्हा भासरेच आले होते. गर्दी ओसरल्यावर पुतणी लेकीला घेऊन माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली. आणि मग ते आत आले. दाराशी खाकरले, टोपी काढून हातात घेतली. गावातल्या कोणत्याही माणसानं माझ्यासमोर उभं राहावं तसे उभे राहिले. मी खुर्चीवर होते, ते उभे होते. आयुष्यात प्रथमच त्यांनी माझ्याशी तोंड उघडलं.

"बाई, काय निघालं?"

सतरा वर्षं मी या क्षणाची उत्तरं जमवली होती. स्कूटीवर, चुलीपुढे, रात्री कुशीवर वळताना. एकाहून एक जळजळीत. टॉनिकची बाटली तुमचीच होती ना, इथपासून सुरू होणारं एक अख्खं भाषण माझ्याकडे तयार होतं. आणि झालं काय? माझा हात आपणहून डोक्यावर गेला. ओढणी पुढे आली. मान वळली आणि मी लसीकरणाच्या तक्त्याकडे तोंड करून म्हणाले, लेकराले सिकल निघालं म्हणा. दोघांकडून आलं म्हणा.

तक्त्यावर एक गुबगुबीत बाळ हसत होतं. आणि मागून पुतणीचा आवाज आला. चढलेला नव्हता, थकलेला होता.

"काकू, लेकरू भिंतीचं नाई. इकडं पाहून सांगा."

मी वळले. ओढणी डोक्यावरून काढली असं मी सांगायला हवं, पण काढली नाही, तेवढी माझी हिंमत नव्हती. तशीच वळले आणि त्यांच्याकडे पाहिलं. डोळे घारे होते. सतरा वर्षं एका घरात काढून मला ते माहीत नव्हतं. सासूची आठवण झाली, आणि मी तिच्यापेक्षा काही निराळी नाही हेही तेव्हाच कळलं.

त्यांच्या डोळ्यांत पाहून मी सगळं सांगितलं. रोगाचं नाव. तो कुठून आला. रोज एक गोळी, आयुष्यभर. पाणी भरपूर, थंडीत पोर उघडी नको, ताप आला की दोरे-गंडे न करता थेट दवाखाना, आणि पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे. मग तेही सांगितलं जे सांगायची गरज नव्हती. हे टाळता आलं असतं, मी तुम्हाला साक्षगंधाच्या आधी सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलं होतं. आणि मीही मांडवात सुई घेऊन आले होते, आणि टोचली नाही. 'म्हणा' कशालाच लावलं नाही. पुतणी पोरीच्या पावलांवर फुंकर घालत होती.

भासऱ्यांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. सवयीनं खाकरले, अंगणातून खाकरतात तसे. आणि माझे गुडघे उठायला लागले, खरंच लागले, बाई आत हो म्हणून. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि बसून राहिले.